‘तू ख्रिस्ती का?’ : श्रद्धेची आपली कारणं सांगताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) तयारीतल्या मुलांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही बाप्तिस्मा घेऊन दोनच वर्षं झालेल्यांचे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही उपयोगी पडावीत अशी उत्तरं ठेवली आहेत. जिथे दोघांच्या रीती वेगळ्या आहेत, तिथे तसं म्हटलं आहे.

१. साक्ष म्हणजे नेमकं काय? प्रवचनापेक्षा ती वेगळी कशी?

कोर्टातला साक्षीदार जे पाहिलं तेवढंच सांगतो, कायद्याचा अर्थ लावायला वकील असतात. श्रद्धेच्या साक्षीचंही तसंच आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या ९व्या अध्यायात बऱ्या झालेल्या जन्मांध माणसाला पुढारी उलटसुलट विचारतात. येशू पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, असं तो सरळ सांगतो. पण आपण आंधळे होतो आणि आता दिसतं, हे मात्र सोडत नाही. साक्ष म्हणजे एवढंच. एक खूण लक्षात ठेवा: साक्षीत ‘मी’ असतो, प्रवचनात ‘तुम्ही’. लिहिलेल्या पानावर ‘तुम्ही’ दोनदा आलं की प्रवचन सुरू झालं असं समजा आणि तिथून मागे फिरा.

२. मी जन्मानेच ख्रिस्ती आहे. आईवडील चर्चला नेत, म्हणून गेलो. मग माझं कारण ते काय?

जन्म हे श्रद्धा मिळण्याचं निमित्त झालं, ती राखण्याचं कारण वेगळं असतं. परसातली विहीर पणजोबांनी खणली म्हणून ती तुमच्याकडे आली. पण पाणी गोडं आहे की मचूळ, हे तुम्ही स्वतः प्यायल्यावरच सांगू शकता.

वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने आखा: ‘मिळालं’, ‘तपासलं’, ‘धरलं’. पहिल्या रकान्यात घरून आलेलं सगळं लिहा: संध्याकाळची रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ईस्टरआधीच्या लेंटमधले उपवास, २ नोव्हेंबरला कबरीवर लावलेल्या मेणबत्त्या. दुसऱ्या रकान्यात त्यातल्या कशाबद्दल कधी शंका आली, कुणाशी वाद झाला, काय वाचलं. तिसऱ्यात, आज कुणी बघत नसतानाही तुम्ही काय करता. वीस मिनिटं पुरतात.

चूक बहुतेक तिसऱ्या रकान्यात होते. तिथे पुन्हा मिस्सा, नऊ दिवसांची नोव्हेना, सण हेच उतरतं. एकट्याने असताना केलेली प्रार्थना, परत केलेले पैसे, मागितलेली माफी असं काही सापडेपर्यंत पेन खाली ठेवू नका. दुसरा रकाना कोरा राहिला तर घाबरायचं कारण नाही, पण मग साक्ष द्यायची घाई करू नका. आधी प्रश्न ६ आणि ८ वाचा.

३. साक्ष किती लांब असावी आणि कशी बांधावी?

तीन मिनिटं. सावकाश बोललं तर मराठीत साधारण ३०० ते ३५० शब्द होतात, म्हणजे वहीची दीड-दोन पानं. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि मग प्रेषित झालेल्या पौलाने अग्रिप्पा राजापुढे दिलेली साक्ष प्रेषितांची कृत्ये, अध्याय २६ मध्ये आहे. तिचे तीन भाग डोळ्यांपुढे ठेवा: आधी मी कसा होतो, वाटेवर काय झालं, त्यानंतर काय बदललं. पौलाच्या परिवर्तनाची ही हकिगत त्याच पुस्तकात तीन वेळा येते, अध्याय ९, २२ आणि २६ मध्ये. ऐकणारे बदलले तसा तपशील कमीजास्त झाला, गाभा तोच राहिला. तुम्हीही चर्चमधल्या लोकांसाठी एक आणि कट्ट्यावरच्या मित्रासाठी एक अशा दोन प्रती करा. मित्राच्या प्रतीत ‘कृपा’, ‘तारण’, ‘अभिषेक’ हे शब्द नकोत. त्या शब्दांमागे जे घडलं ते सांगा.

वेळेची वाटणी अशी करा: आधीचं ४० सेकंद, घडलेलं ६० सेकंद, नंतरचं ८० सेकंद. बहुतेकांकडून हे उलटं होतं. दारू, भांडणं, वाईट संगत यांचं वर्णन दोन मिनिटं रंगतं आणि ख्रिस्त शेवटच्या वाक्यात घाईघाईने येतो. ऐकणाऱ्याला घरी जाताना दारूच आठवते.

आता वाक्याकडे या. नमुन्यादाखल हे घ्या: ‘मी पूर्वी अंधारात होतो, प्रभूने माझं जीवन पूर्ण बदललं.’ यात खोटं काही नाही, पण दिसतही काही नाही. तेच असं लिहून बघा: ‘आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी अबोला होता. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायचो. चार वर्षं. एका रविवारी ती ओळ म्हटली, आणि त्याच आठवड्यात त्याच्या पडवीत जाऊन बसलो. वहिनीने चहा केला. वाटणीचं अजून मिटलेलं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्यामुळेच बाकीच्यावर विश्वास बसतो.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. जिथे आपलाच आवाज बदलतो, चर्चच्या माइकसारखा होतो, ते वाक्य खोडा आणि घरात बोलतो तसं पुन्हा लिहा.

४. माझ्या आयुष्यात चमत्कार वगैरे काही झालेलं नाही. मग सांगू काय?

जे आहे ते. आजारी आईचं सहा वर्षं केलं आणि कडवट झालो नाही, हे कारण आहे. येशूचं डोंगरावरचं प्रवचन, मत्तय अध्याय ५ ते ७, वाचताना हा माणूस खरं बोलतोय असं वाटलं, हेही कारण आहे. दुसऱ्याची नाट्यमय साक्ष ऐकून आपल्यात मीठ-मसाला घालण्याचा मोह होतो. तो टाळा. गाव लहान असतं, तुमचं बालपण पाहिलेलं कुणी ना कुणी समोर बसलेलं असतंच.

५. प्रार्थनेने आजार बरा झाला, असं साक्षीत सांगावं का?

तुमचा अनुभव असेल तर सांगा, पण चार गोष्टी सांभाळा. एक, औषध चालू होतं तर तेही त्याच दमात सांगा. डॉक्टरांच्या हातून देव बरं करत नाही, असं शास्त्रात कुठेही नाही. लूक स्वतः वैद्य होता, कलस्सैकरांस पत्रात (४:१४) पौल त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. दोन, ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ हे वाक्य डॉक्टरांनी खरोखर म्हटलं असेल तरच वापरा. तीन, तीच प्रार्थना करूनही ज्यांचं माणूस गेलं, असं कुणीतरी त्याच बाकांवर बसलेलं असतं. ‘माझा विश्वास होता म्हणून’ या चार शब्दांनी त्यांना सांगितलं जातं की तुमचा कमी पडला. ते शब्द काढून टाका.

चौथी गोष्ट जिवाची आहे. प्रार्थना आहे म्हणून गोळ्या बंद करा, असं कुणालाही कधीही सुचवू नका. विंचू, फुरसं, घोणस हे आपल्याकडे रोजचे. दंशानंतर प्रार्थना गाडीत बसून करायची, आणि गाडी दवाखान्याच्या दिशेने चालू हवी. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं, हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. ख्रिस्ती प्रार्थनेच्या नावाखाली केलं म्हणून त्यातून सुटका होत नाही, आणि होऊही नये.

६. अनुभव तर सगळ्याच धर्मांच्या लोकांना येतात. मग माझा अनुभव पुरावा कसा?

एकटा अनुभव पुरावा नसतो. हे मान्य केलं की बोलणं प्रामाणिक होतं. ख्रिस्ती श्रद्धा मनाच्या शांतीवर उभी नाही, घडलेल्या एका घटनेवर उभी आहे: येशू क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. पौल तर लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ (१ करिंथ १५:१४). इतकी उघडी पैज क्वचितच कुणी लावतं.

म्हणून साक्षीच्या मागे किमान एवढं माहीत असू द्या. येशूला क्रुसावर दिलं ते इ. स. ३० किंवा ३३ च्या सुमारास. पौलाचं हे पत्र साधारण इ. स. ५३ ते ५५ मधलं, म्हणजे मध्ये वीस-पंचवीस वर्षं. त्यात उठलेल्या येशूला पाहणाऱ्यांची यादी आहे: पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, मग पौल स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. म्हणजे जा आणि विचारा. ही यादी आपल्याला आधी मिळाली आणि ती आपण पुढे दिली, असंही तो म्हणतो. याचा अर्थ ती पत्राहून जुनी.

आणखी एक तपशील आमच्या मते फार बोलका आहे. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरीपाशी पहिल्यांदा पोचतात त्या स्त्रिया. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला पुरुषांइतकं वजन नव्हतं. गोष्ट रचायचीच असती तर कुणी अशी रचली नसती.

बायबलबाहेरचं विचारलं तर टॅसिटस या रोमी इतिहासकाराचं नाव सांगा. इ. स. ११६च्या सुमारास तो लिहितो की तिबेर्य बादशहाच्या काळात पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. याने ख्रिस्ताला दिलेला मृत्युदंड सिद्ध होतो, पुनरुत्थान नाही. जेवढं सिद्ध होतं तेवढंच म्हणा. पुढचं पाऊल विश्वासाचं आहे, आणि ते पाऊल आहे हे लपवू नका. मात्र ते हवेत टाकलेलं नाही.

७. ‘बायबल बदललेलं आहे’ असं कुणी म्हटलं तर?

नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या, तुकड्यांसह, पाच हजारांवर आहे. हाताने उतरवलेली, म्हणून त्यांत फरक आहेत. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे आणि शब्दांच्या क्रमाचे. मोठे दोन आहेत आणि ते तुम्हालाच आधी माहीत असायला हवेत: मार्क १६:९–२०, आणि योहानातली व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीची गोष्ट (७:५३ ते ८:११). सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे दोन्ही उतारे नाहीत. अनेक आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते. पुनरुत्थान, क्रूस किंवा डोंगरावरचं प्रवचन यांपैकी काहीही या दोन उताऱ्यांवर टेकलेलं नाही. ‘एक अक्षरही बदललेलं नाही’ असं छातीठोक सांगितलंत, तर समोरचा मोबाइल काढून दोन मिनिटांत तुम्हाला खोटं पाडेल. मग तुमची खरी साक्षही त्याबरोबर गेली.

८. मला स्वतःलाच शंका आहेत. तरी साक्ष देऊ का?

द्या, शंकेसकट. ‘माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत कर’ या अर्थाचं ओरडणारा बाप मार्क ९:२४ मध्ये आहे आणि येशू त्याला परत पाठवत नाही. पुनरुत्थानावर विश्वास न बसलेल्या थोमाला तर जखमा दाखवतो. पण शंका कसली आहे ते ओळखा. प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर वाचून मिळतं. कुणी दुखावल्यामुळे असेल तर प्रश्न १५ पहा. झोप, कामाचा ताण किंवा शोक यांमुळे आलेली उदासी असेल तर आधी विश्रांती घ्या, गरज असेल तर डॉक्टरकडे जा. उदासीला ‘विश्वास गेला’ असं नाव देऊ नका.

९. देव चांगला आहे, तर लहान लेकरू का गेलं? याचं उत्तर साक्षीत कसं द्यायचं?

मयताच्या घरी द्यायचंच नाही. तिथे जा, बसा, पेज किंवा चहा करून द्या, कबरस्तानातलं काम अंगावर घ्या. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर त्यांचं बरोबर होतं, तोंड उघडलं आणि चुकलं. ‘देवाला तो जास्त आवडला’ हे वाक्य तर कधीच नको. आईला त्यातून एवढंच ऐकू येतं की देवाने हिसकावून नेला.

नंतर, महिन्यांनी, कुणी स्वतःहून विचारलं तर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही असंच म्हणा, कारण नाही. जे आहे ते वेगळं आहे. मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला (योहान ११:३५), आणि पुढच्याच क्षणी आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. क्रुसावर त्याने स्तोत्र २२ मधला ‘तू मला का सोडलंस’ हा टाहो फोडला. दुःखाचं कारण न सांगता दुःखात उतरलेला देव, हेच अनेकांचं ख्रिस्ती राहण्याचं कारण आहे. आमच्या मते सगळ्या कारणांत ते सर्वांत बळकट आहे.

१०. वाडीतला शेजारी विचारतो, ‘तू चर्चात कित्याक जातस? मग आमचे देव खोटे काय?’ काय सांगायचं?

हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याला उत्तर द्या, दुसऱ्यात अडकू नका. ‘भाऊ, माझ्यापुरतं सांगतो’ अशी सुरुवात करा आणि प्रश्न ३ मधलं आपलं तीन मिनिटांचं सांगा. तुलना नको. गावदेवी, पालखी, गाऱ्हाणं यांबद्दल तुच्छतेचा एक शब्दही नको. ‘अंधारातले लोक’ किंवा ‘मूर्तिपूजक’ हे शब्द चर्चमध्ये कितीही सवयीचे असले तरी त्याच्या अंगणात ते शिवीसारखे लागतात. पेत्राने आपल्या आशेचं कारण सांगायला सिद्ध राहा म्हटलं, त्याच वाक्याच्या ओघात सौम्यतेने आणि आदराने सांगा असंही म्हटलं (१ पेत्र ३:१५). पहिला अर्धा भाग पाठ असतो, दुसरा राहून जातो.

उलट बाजूची चूकही होते. वाद नको म्हणून ‘सगळं एकच हो’ असं म्हणून सुटका करून घेतली जाते. तुम्ही तसं मानत नसाल तर म्हणू नका. ‘येशूच प्रभू आहे असं मी मानतो. तुम्ही नाही मानत, हे मला ठाऊक आहे, आणि आपला घरोबा त्याच्या वर आहे,’ एवढं सरळ बोललं की माणसं समजून घेतात. अर्ध्या रात्री गाडीची गरज लागली तर एकमेकांच्याच दारात जायचंय.

११. गणपतीत शेजाऱ्यांकडे जावं का? प्रसाद घ्यावा का?

घरी जाणं, दारात उभं राहून चौकशी करणं, नाताळला करंज्यांचं ताट पाठवणं याला कुठलीच आडकाठी नाही. प्रसादाबाबत मतं वेगळी आहेत. पौल १ करिंथ अध्याय ८ आणि १० मध्ये दोन गोष्टी सांगतो: अन्नाने आपण देवाजवळ किंवा दूर जात नाही, पण दुसऱ्याचा विवेक दुखावत असेल तर खाऊ नका. मूर्तीला अर्पण केलेलं आहे असं मुद्दाम सांगून दिलं तर घेऊ नये, हेही तो सांगतो (१०:२८). तुमच्या फादरना किंवा पाळकांना विचारून एक रीत ठरवा आणि पाळा. घ्यायचा नसेल तर हात जोडून ‘आमच्यात घेत नाहीत, राग मानू नका’ म्हणा. घेऊन मागे टाकून देणं मात्र कुणीही करू नये. तो अन्नाचा आणि माणसाचा, दोघांचा अपमान आहे.

१२. ‘तुमचा धर्म पोर्तुगीजांनी लादलेला’ असं ऐकवतात.

खरं ते आधी मान्य करा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यांच्या अमलात देवळं पाडली गेली, धर्मांतरासाठी दबाव आला. ते झाकणं ख्रिस्ताला शोभत नाही. मग पुढचंही सांगा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता तिथून गेली. लादणारा निघून गेल्यावरही लोकांनी श्रद्धा सोडली नाही, त्याला २८० वर्षांहून अधिक काळ लोटला. शिवाय सगळे त्या वाटेने आलेले नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेते झाले आणि अभंगाच्या छंदात ख्रिस्त गायले. पूर्वज कसे आले, हा इतिहास आहे. तुम्ही का आहात, हे प्रश्न २ मधल्या तिसऱ्या रकान्यात.

१३. ‘काय मिळालं रे तुला?’ असं विचारतात. पैसे, नोकरी वगैरे.

चिडू नका, हिशेब सांगा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्याच्या त्या सवलती जातात. म्हणजे अनेकांनी काही गमावूनच ही वाट धरली. कायद्याचं म्हणाल तर घटनेचं कलम २५ आपली श्रद्धा बाळगायचा, आचरायचा आणि सांगायचा हक्क देतं. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून साक्ष देताना कुठलीही वस्तू, फी, धान्य किंवा औषध त्याच वेळी देऊ नका. मदत करायची ती वेगळ्या दिवशी, कुठल्याही अपेक्षेविना. दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलांना त्यांच्या पालकांशिवाय साक्षीला बसवू नका.

१४. नवरा श्रद्धा मानतो, मी अजून नाही. त्याच्या कारणावर मी होकार देऊ का?

नको. कवी टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं त्यांनी स्वतःची म्हणून घेतली. उसनं कारण पहिल्या अडचणीत परत करावं लागतं.

१५. चर्चमधल्याच माणसांनी दुखावलं. तरी ख्रिस्ती का राहायचं?

आधी गोष्ट किती गंभीर आहे ते पाहा. अपमान, राजकारण, जमातींमधला भेद असेल तर बोला, दुसऱ्या पारीशमध्ये (धर्मग्रामात) जा, काही काळ मागच्या बाकावर बसा. मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर ‘क्षमा करा’ हा सल्ला तिथे लागू नाही. पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. चर्चची बदनामी होईल म्हणून गप्प बसणं हे त्या मुलावर दुसऱ्यांदा केलेलं पाप आहे.

राहायचं की नाही, याचं उत्तर दुसरं कुणी देऊ शकत नाही. एवढंच म्हणू: येशूला धरून दिलं ते त्याच्याच बारांतल्या एकाने आणि नाकारलं ते पेत्राने. त्याच्यावर विश्वास ठेवण्याचं कारण त्याचे अनुयायी कधीच नव्हते.

१६. साक्ष व्हॉट्सअॅपवर पाठवली तर चालेल का?

पाठवण्याआधी तीन गोष्टी खोडा: दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा आजार, दुसऱ्याचं पाप. प्रश्न ३ मधल्या नमुन्यात थोरला भाऊ आहे, तर आधी त्याला वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर त्याच्याविना लिहा. आवाज रेकॉर्ड करत असाल तर तीन मिनिटांच्या आत, पंखा बंद करून, लाटांपासून लांब. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. आणि पाठवायची ती एका माणसाला, ज्याने विचारलं त्याला. वाडीच्या ग्रुपवर नको.